चाकू पातळ हवा

कुठला चाकू घेऊ, असं ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारत असतंच, आणि विचारताना बहुतेकांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात, स्टील कुठलं आणि कंपनी कुठली. मी आधी भलतंच काहीतरी बघायला सांगते. चाकू हातात घ्या, धार वर करा, टोक समोर उजेडाकडे धरा आणि पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं निमुळतं होत गेलंय ते बघा. पाठ थोडी जाड असली तरी चालतं, पण धारेच्या अगदी लगत, एखादा मिलिमीटर मागे पातं किती जाड आहे, ह्यावर त्या चाकूचं सगळं ठरतं. धार काय, पत्र्याच्या डब्याच्या झाकणालासुद्धा लावता येते. दुकानात नवा चाकू कागद सर्रकन कापून दाखवतो आणि आपण खूश होऊन घरी घेऊन येतो, पण कागदाला जाडीच नसते त्यामुळे चाकूच्या जाडीची परीक्षा त्यात होतच नाही.

ती परीक्षा गाजरावर होते. जाड चाकू गाजरात अर्धा जातो, मग अडतो, मग आपण वरून जोर देतो आणि कडक् असा आवाज येऊन पुढचं गाजर फुटतं. हो, फुटतंच, कारण तिथे धारेचं काम संपलेलं असतं आणि जाड पातं पाचरीसारखं दोन्ही बाजू फाकवत असतं. फुटलेली बाजू नीट बघा, खरखरीत आणि फिकट दिसते. तेच गाजर पातळ पात्याने चिरलं की आवाज येतच नाही, फक्त खाली पाटावर टेकल्याचा टक् येतो, आणि चकतीचा पृष्ठभाग ओला, चमकता, एकसारखा केशरी असतो. कांद्याचं पण तेच. कांद्याच्या पेशी फुटल्या की आतली एन्झाइम्स मोकळी होतात आणि डोळ्यात जाणारं ते रसायन तयार होतं. बोथट किंवा जाड चाकूने चिरताना पेशी कापल्या जाण्याऐवजी चिरडल्या जातात आणि रस उडतो. चांगल्या चाकूने कांदा चिरताना डोळ्यातून पाणी अजिबातच येत नाही असा माझा दावा नाही, पण पोह्यांचे चार-पाच कांदे होईपर्यंत मी टिकते, आणि बोथट सुरीने दुसऱ्याच कांद्याला खिडकीकडे पळावं लागतं हे अनुभवाने सांगते.

आकडे सांगायचे तर चांगल्या भाजीच्या चाकूत धारेमागची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, आणि लग्नात आहेर म्हणून मिळतात ते लाकडी ठोकळ्यात खोचलेले सेट असतात ना, त्यातल्या कित्येक चाकूंमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाते. हातात घेतल्यावर तेच जास्त भारी वाटतात, वजनदार, दणकट. पण आपण भाजी चिरतोय, लाकूड फोडत नाहीये. जाड पातं बनवायला सोपं असतं, कारण पातळ घासायला वेळ लागतो, हात लागतो, आणि घासता घासता पातं तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायची भीती असते. चाकूच्या किमतीतले खरे पैसे ह्या घासण्याचे असावेत असं माझं मत आहे.

जपानमध्ये ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे, तिथे हे फार स्पष्ट दिसतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली, तिची पानं बारीक चिरायला चाकू लागले आणि साकाईचे चाकू नावारूपाला आले, पुढे तर शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याच्या, राजवटीने त्यांच्यावर खास शिक्का मारायला परवानगी दिली. अजूनही तिथे बऱ्याचदा एक माणूस चाकू घडवतो, दुसरा घासून धार लावतो आणि तिसरा मूठ बसवतो. घडवणारा भट्टीतून काढून देतो ते एक काळं, जाडसर, वेडंवाकडं पातं असतं, त्याचा चाकू होतो तो घासणाऱ्याच्या हातात. ओल्या चाकावर पातं लाकडी दांड्यात धरून दाबायचं, उचलून बघायचं, वाकलं असेल तर ठोकून सरळ करायचं, परत दाबायचं. आणि पात्यावर नाव कोरलेलं असतं ते घडवणाऱ्याचं किंवा दुकानाचं, घासणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतंच, आणि हे मला खरंच खटकतं.

माझा चुलतभाऊ ओसाकाला नोकरीला होता, तो येताना माझ्यासाठी एक नाकिरी घेऊन आला. नाकिरी म्हणजे खास भाजीचा चाकू, आयताकृती, टोक नसलेला, धार जवळजवळ सरळ रेषेत. सरळ असल्यामुळे पूर्ण धार एकदम पाटावर टेकते, त्यामुळे कोथिंबीर, मेथी, पात असलं काही चिरलं की खाली धाग्याने जोडलेल्या माळा राहत नाहीत. ह्या चाकूचं पातं तीन थरांचं आहे, मधे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड, आणि उजेडात तिरकं धरलं की जिथे लोखंड संपून पोलाद सुरू होतं ती वळणावळणाची रेघ स्पष्ट दिसते. मधलं पोलाद आहे ते शिरोगामी, म्हणजे पांढऱ्या कागदवालं. दुसरं एक निळ्या कागदवालं असतं, आओगामी. शिमाने प्रांतातल्या यासुगी गावात ही पोलादं बनतात आणि तिथे कुठलं कुठलं ते ओळखायला त्यांना रंगीत कागद लावायचे, तीच नावं पडली. शिरोगामीत साधारण एक टक्का कार्बन आणि बाकी जवळजवळ नुसतं लोखंड, फार भानगडी नाहीत. म्हणूनच त्याला दगडावर अशी पटकन आणि बारीक धार येते. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 60 च्या वर कडक करता येतं, आणि कडक असल्यामुळे पातळ घासलं तरी धार वळत नाही. म्हणजे पातळपणा आणि कडकपणा एकमेकांच्या आधाराने चालतात, मऊ पोलाद पातळ केलं तर धार वाकते, आणि कडक पोलाद जाड ठेवलं तर त्या कडकपणाचा उपयोग काय!

पण मग सगळेच चाकू असे असावेत का, तर नाही. आजोळी कोकणात कोयता असतो, कमरेला आकडीत अडकवलेला. आमच्या मामाचा कोयता गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून बनवलेला आहे. कमानीचे ते पाटे मुळात उत्तम स्प्रिंगचं पोलाद, वर्षानुवर्षं ट्रकचं वजन झेललेलं, आणि आपल्याकडच्या लोहारांनी त्याचे कोयते, कुऱ्हाडी, विळे करायचं तंत्र पार मुरवलंय. लहानपणी मी त्या लोहाराकडे तासन् तास बसायचे. भाता, ऐरण, घण, सांडशी आणि कोपऱ्यात पाण्याचं टीप. मला तेव्हा प्रश्न पडायचा की हा इतक्या अंधारात का काम करतो. तर पोलाद किती तापलंय हे त्याला रंगावरून ओळखायचं असतं आणि भर उन्हात तो रंग कळत नाही. साधारण 800 अंशाला पोलाद ज्या लालीवर येतं ती लाली डोळ्याने पकडायची आणि बरोबर तेव्हा पाण्यात घालायचं, ह्यालाच पाणी देणं म्हणतात. नुसतं पाणी दिलेलं पोलाद कडक होतं पण ठिसूळ असतं, दगडावर आपटलं तर तुकडा उडेल, म्हणून मग परत थोडं शेकून त्याचा ताठा जरा कमी करायचा. हे शेकणं किती करायचं, त्यावर धार टिकणार की मोडणार ते ठरतं. मामाचा कोयता मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, कारण तो नारळ सोलतो, फांद्या तोडतो, बांबू चिरतो, आणि धार गेली की मामा पायरीवर बसून कानस मारतो. माझी नाकिरी त्या कामाला लावली तर पहिल्याच घावाला धारेचा चंद्रकोरीएवढा तुकडा जाईल. फणसाला पण कोयताच, हाताला आणि पात्याला खोबरेल तेल चोपडून, नाहीतर चीक निघता निघत नाही. तर कोयता जाड आहे तो तसाच हवा. चांगलं घडवलेलं म्हणजे समोरचं काम डोळ्यासमोर ठेवून घडवलेलं, आणि भाजीचं काम पातळ पातं मागतं, इतकंच माझं म्हणणं.

विळीबद्दल बोलायलाच हवं. आमच्या आजीची विळी आता माझ्याकडे आहे. पाटावर एक पाय, धार आपल्याकडे, आणि दोन्ही हात मोकळे. चाकूत एक हात चाकूला जातो, विळीत दोन्ही हात भाजीला. कोबी विळीवर जसा चिरला जातो तसा मला चाकूने आजही जमत नाही, केसासारखा बारीक आणि गड्डा शेवटपर्यंत हातात. वर टोकाला खवणी, म्हणजे भाजी झाली की त्याच बैठकीत नारळ. आजीच्या विळीचं पातं धार लावून लावून इतकं झिजलंय की मधे त्याला खोलगट बाक आलाय, आणि गंमत म्हणजे तिथेच ते सगळ्यात पातळ आहे आणि तिथेच सगळ्यात छान चालतं. लोखंडी विळीवर वांगी आणि कच्ची केळी काळी पडतात, त्यांच्यातली तुरट द्रव्यं आणि लोखंड ह्यांची रासायनिक दोस्ती होते म्हणून, आणि त्यासाठीच फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची पद्धत. ओटे आले, आपण उभे राहून स्वयंपाक करायला लागलो आणि विळी मागे पडली, ते साहजिकच आहे, गुडघे दुखणाऱ्या बायकांना खाली बस म्हणणं मला पटत नाही. पण ओट्याला स्क्रूने आवळून लावायच्या विळ्या मिळतात त्यांची पाती बघून वाईट वाटतं, नुसता पत्रा कापून एका कडेला ग्राइंडर मारलेला असतो.

स्टेनलेस स्टीलला शिव्या घालायची एक फॅशन आहे ती मला मान्य नाही. 1913 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअरली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं करून बघत होता, त्यात साधारण 13 टक्के क्रोमियमचं एक मिश्रण निघालं जे गंजत नव्हतं. शेफील्ड म्हणजे सुऱ्या-काट्यांचं गाव, त्यामुळे त्याच्या लगेच लक्षात आलं की ह्याचे चाकू व्हायला हवेत. सुरुवातीला गावातले कारागीर काही खूश नव्हते, हे पोलाद घडवायला आणि घासायला त्रासाचं, आणि कडक करायला साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त तापवावं लागतं. पहिल्या चाकूंना धार टिकेना आणि ब्रिअरलीला न कापणाऱ्या चाकूचा जनक म्हणून हिणवलं गेलं. नंतर भट्टीचं गणित जमलं. आज जर्मनीतल्या झोलिंगेनचे चाकू असोत नाहीतर स्वित्झर्लंडचे, बहुतेक सगळे स्टेनलेसच, रॉकवेल 55 ते 58 च्या घरात, म्हणजे जपानी कार्बन पोलादापेक्षा मऊ, पण दमट हवेत विसरून राहिले तरी काही होत नाही, खाली पडले तरी टवका उडत नाही. मुंबईत जूनमध्ये कार्बनचा चाकू सिंकमध्ये तासभर ओला ठेवला तर तांबूस डाग येतो, आणि सगळं घर एका माणसाच्या चाकूप्रेमाला बांधलेलं नसतं. आमच्या घरी सगळ्यांनी वापरायचा चाकू म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचा रंगीत प्लास्टिक मुठीचा छोटा चाकू, जो अगदी परवडणाऱ्या किमतीत मिळतो, आणि पातं बघाल तर पाठीलासुद्धा जेमतेम मिलिमीटरभर. महागड्या सेटमधले चाकू टोमॅटोवर घसरतात तिथे हा शांतपणे आत जातो. कुठलंही भारी पोलाद नाही त्यात. फक्त पातळ आहे आणि भट्टी नीट झालेली आहे.

ह्याच व्हिक्टोरिनॉक्सचा खिशातला लाल चाकू सगळ्यांना माहीत असतो. कार्ल एल्सेनरने 1884 मध्ये श्विझजवळच्या इबाख गावात कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, त्याआधी त्यांच्या सैन्याचे चाकू जर्मनीतून यायचे. सैनिकाला डबा उघडायचा असायचा आणि रायफल खोलायची असायची म्हणून त्यात स्क्रू पिळायचं टोक पण होतं. 1897 मध्ये ऑफिसर्स चाकू आला, एका स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं बसवलेला, आणि हे एका स्प्रिंगवर बसवणं हीच त्यातली खरी करामत आहे, त्यामुळे तो हलका राहिला. एल्सेनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, ती 1909 मध्ये गेली, तिचं नाव आधी कंपनीला दिलं आणि पुढे 1921 मध्ये स्टेनलेस आलं तेव्हा त्याला इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसचं फ्रेंच नाव, जोडलं. माझ्याकडे आहे तो, पर्समध्ये असतो, कात्री आणि चिमटा रोज लागतो.

पण खिशातल्या चाकूंमध्ये माझा जीव आहे तो ओपिनेलवर. फ्रान्समधल्या साव्वा भागात, आल्प्सच्या डोंगराळ पट्ट्यात, जोसेफ ओपिनेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने 1890 मध्ये हा चाकू केला. घरचा धंदाच अवजारं घडवायचा. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, तिला एक चीर, चिरेत पातं, आणि एक खिळा. बास. पुढे 1 ते 12 नंबरचे आकार काढले, 1 नंबर फारच छोटा म्हणून आणि 11 नंबर 10 आणि 12 च्या मधे उगाचच म्हणून बंद केले. 1955 मध्ये त्याला एक फिरणारी पोलादी कडी आली, चाकू उघडला की कडी फिरवायची, चीर बंद होते आणि पातं बोटांवर मिटू शकत नाही. नंतर ती मिटल्यावर पण लॉक होईल अशी केली. 1985 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जगातल्या उत्तम डिझाइनच्या शंभर वस्तूंमध्ये त्याला घेतलं. पात्यावर एक हात आणि त्यावर मुकुट कोरलेला असतो, हात संत जॉनचा आणि मुकुट साव्वाच्या राजघराण्याचा.

माझा 8 नंबरचा आहे, साडेआठ सेंटिमीटर पातं, कार्बन पोलादाचा. मिटलेला हातात घेतला की मुठीचा फुगवटा तळव्यात बसतो, कुठेही कोपरा नाही, हाताला चिमटत नाही, आणि वजन तर इतकं कमी की खिशात आहे हे कळत नाही. पातं पाठीला पावणेदोन मिलिमीटरपेक्षाही कमी आणि तिथून धारेपर्यंत किंचित फुगीर उतार, त्यामुळे काकडीची चकती पात्याला चिकटून बसत नाही, सुटून पडते. राजगडावर पाली दरवाजातून वर आलो की सावली बघून बसायचं, ब्रेड, काकडी, कांदा, चटणी, आणि हा एक चाकू चार जणांत फिरतो. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याने घरच्या लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या, पातं निळं, मग जांभळट, मग करडं झालं आणि आता तो रंग बसलाय, तो थर बसला की लाल गंज सहसा धरत नाही. दर वेळी पुसून कोरडा करायचा आणि पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, एवढंच. एक सांगायला हवं, लाकूड आहे त्यामुळे पावसाळ्यात मूठ फुगते आणि चाकू उघडेनासा होतो. त्याची युक्ती साव्वाच्याच लोकांची, कडी मोकळी करायची आणि मुठीचा मागचा भाग टेबलाच्या कडेवर एकदा ठोकायचा, पात्याचं टोक आपोआप बाहेर येतं. कंपनीने लाकडाऐवजी प्लास्टिक वापरून हा प्रश्न मिटवलाय अशी मॉडेल्स पण आहेत, मी मात्र लाकडावरच आहे.

आपल्याकडे खिशातला चाकू म्हटलं की लोकांना रामपुरीच आठवतो, आणि रामपुरी म्हटलं की हिंदी सिनेमातला गुंड. त्यामुळे एका चांगल्या कारागिरीचं फार नुकसान झालं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये हे चाकू हाताने घडायचे, पितळेच्या नक्षीदार मुठी, आणि उघडताना एकेका दात्यावर कट् कट् असा आवाज. साडेचार इंचापेक्षा लांब पात्यांवर सरकारने बंदी आणली आणि कारागीर एकेक करून दुसऱ्या धंद्याला लागले. 2023 मध्ये तिथे चौकात वीस फुटी चाकू उभारलाय. चाकूचा पुतळा झाला, छानच, पण चाकू करणारे हात उरायला हवेत. त्यामानाने कच्छमध्ये परिस्थिती बरी वाटते. भूजला जाणारे बरेच मराठी लोक रण बघतात, बांधणी घेतात आणि परत येतात, पण अंजार आणि भूजजवळची रेहा ही गावं सुरी-अडकित्त्यांची आहेत. सुडी-चप्पू म्हणतात तिकडे, सुडी म्हणजे अडकित्ता. अडकित्ता घेताना दोन्ही पाती मिटवून उजेडाकडे धरून बघा, फट दिसली तर ठेवून द्या. चांगल्यात खिळा इतका नेमका असतो की पाती एकमेकींना घासून जातात पण अडत नाहीत, आणि सुपारीचं खांड न उडता जागच्या जागी दोन होतं.

आता धार. मला ह्या सगळ्यात जास्त आनंद कशाचा असेल तर रविवारी दुपारी दगड भिजत घालण्याचा. 1000 ग्रिटचा एक पाण्याचा दगड घरात असला की नव्वद टक्के काम होतं, ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. 3000 चा दुसरा असेल तर आणखी मजा. लोक कोनाला घाबरतात, 15 अंश कसे मोजायचे म्हणून. अहो, पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण बारा मिलिमीटर उचलली की 15 अंश झाले. बारा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या पेराची जाडी धरा. तरी शंका असेल तर धारेच्या कडेला काळ्या मार्करने रेघ मारायची आणि दोन-तीन वेळा घासून बघायचं, शाई जिथून गेली तिथे दगड लागतोय. फक्त पाठीकडची शाई गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त अगदी धारेलगतची गेली तर जास्त वर. आणि घासता घासता थांबायचं कधी, तर धारेच्या दुसऱ्या बाजूला वळलेली धातूची बारीक कोर हाताला लागली की. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि बाहेर असा हलकेच ओढायचा, कधीही धारेवरून आडवा नाही, आणि अगदी बारीक अडकल्यासारखं वाटतं. टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत ती कोर सलग लागायला हवी. मग बाजू बदलायची, परत कोर येईपर्यंत, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने, एकदा ही बाजू एकदा ती बाजू, म्हणजे कोर निघून जाते. ती नीट निघाली नाही तर चाकू पहिल्या दिवशी जबरदस्त चालतो आणि तिसऱ्या दिवशी बोथट होतो, आणि लोक पोलादाला नावं ठेवतात.

दगडावर पाणी, दगडाची पूड आणि धातू मिळून काळा चिखल होतो तो धुऊन टाकू नका, तोच काम करतो. आवाज पण ऐका, कोन बरोबर असेल तर आवाज मऊ आणि एकसारखा येतो, बिघडला की लगेच खरखरतो.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी धारवाल्याकडे द्यावं, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. सायकल स्टँडवर लावून पायडल मारत चाक फिरवणारे आमच्या गल्लीत अजून येतात, आणि त्यांचा हात बसलेला असतो. फक्त एकच बघा, चाक कोरडं आणि वेगाचं असेल, ठिणग्यांचा फवारा उडत असेल आणि धारेला निळी झाक आली तर तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास जाऊन मऊ पडलं असं समजा. ती धार दोन दिवस. पाण्याचं भांडं जवळ ठेवून मधे मधे बुडवणारा भेटला तर त्याला सोडू नका. आणि दोन चाकांच्या मधून चाकू ओढायची जी यंत्रं मिळतात ती चांगल्या चाकूला लावू नका, ती धार लावत नाहीत, धातू ओरबाडतात.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, की धार लावत गेलं की चाकू हळूहळू जाड होतो. पातं पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, बरोबर? मग दर वेळी धार थोडी झिजून वर सरकते, म्हणजे जाड भागात जाते. दोन-चार वर्षांनी नवी धार लावून पण गाजर फुटायला लागतं आणि कळत नाही काय झालं. तेव्हा पातं जवळजवळ आडवं ठेवून, धारेच्या वरचा भाग खरबरीत दगडावर घासून पातळ करावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, हात काळे होतात, पात्यावर ओरखडे येतात, पण त्यानंतर तो चाकू नव्यापेक्षा सरस चालतो. आणि धार टिकवायची असेल तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, काचेच्या बोर्डवर चिरायचं नाही, ह्याला अपवाद नाही. लाकडी पाट, नाहीतर साधा प्लास्टिकचा.

आमच्याकडे सुरी कोणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं म्हणतात. भांडणाचं माहीत नाही पण पद्धत चांगली आहे, मी भाचीला तीच शिकवली. तिच्यासाठी ओपिनेलचा मुलांचा 7 नंबर घेतला, गोल टोकाचा, कडीवालाच. पोरगी डावखुरी आहे आणि नखाने पातं उघडायची खाच चाकूला एकाच बाजूला असते, उजव्या हातवाल्यांच्या सोयीची, तर तिने स्वतःच शोधून काढलं की पात्याची पाठ चिमटीत धरून ओढलं तरी उघडतं. पेरू, केळं, पनीर असं करत करत आता ती सलाडाच्या काकडीपर्यंत आलीये, बोटं आत वळवून धरते, आणि चकती जाड झाली की आपली आपणच खाऊन टाकते. परवा विचारत होती की धार गेली हे कळतं कसं. टोमॅटो दिला हातात, साल पहिल्या ओढीला कापली गेली नाही की समज, म्हटलं. आता ह्या रविवारी दोघींचे चाकू एकदमच दगडावर घ्यायचे ठरलेत, तिचा आधी.